चौदा नंबरची दाढ

सीमा धुरीची खालची उजवी पहिली दाढ शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी अकराच्या सुमारास हिंदमाताजवळच्या एका दवाखान्यात काढली गेली. दाढेत जुनी चांदी भरलेली होती आणि तिच्या आडून कीड मुळापर्यंत पोचली होती. डॉक्टर हितेंद्रनी दाढ चिमट्यात धरून तिला दाखवली आणि सवयीने पाय दाबून कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

"अहो, टाकताय काय!" तोंडात कापसाचा बोळा असूनही सीमा ओरडली. "महिनाभर तुमच्याकडनं लोकांचे दात नेतेय, आणि माझीच दाढ कचऱ्यात?"

"अरे हो की! म्हणजे आता तुम्हीसुद्धा त्या सांगाड्यांच्या रांगेत?"

"रांगेतच. चौदावा नंबर."

तिने पर्समधून प्लास्टिकची छोटी कुपी काढली, आधी तिच्यावर नंबर लिहिला आणि मगच दाढ आत टाकली. आधी लेबल, मग वस्तू. हा तिचा अडतीस वर्षांचा नेम होता आणि दुखऱ्या जबड्यासाठी ती तो मोडणार नव्हती.

सीमा परळच्या एका पुरातत्त्व संस्थेत प्रयोगशाळा सहायक होती. तिचा जन्म ९ ऑक्टोबर १९६५चा. राहणं काळाचौकीला, त्याच चाळीत, त्याच खोलीत. वडील कुशाबा धुरी गिरणीत साचेखात्यात, मागावर होते. आई जाईबाई घरात खानावळ चालवायची. संपात वडिलांची नोकरी गेली तेव्हा सीमा सतरा वर्षांची होती. कॉलेज सुटलं. पाच वर्षं तिने मिळेल ते काम केलं आणि १९८७च्या जूनमध्ये कुणाच्या तरी ओळखीने ती या संस्थेत खापऱ्या धुवायला लागली. रोजंदारीवर लागलेली मुलगी आठ वर्षांनी कायम झाली. लग्न राहून गेलं. त्याबद्दल तिला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "राहून गेलं म्हणजे राहून गेलं, त्यात काय!" आणि विषय बदलायची.

संस्थेत तिची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. तिचं लेबल कधी चुकत नसे. खापरीच्या आतल्या बाजूला, कडेपासून बोटभर आत, तांदळाएवढ्या अक्षरात ती नंबर घालायची. कुपीवर एक लेबल आणि कुपीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली दुसरी चिठ्ठी, कारण शाई पुसली जाते, पेन्सिल राहते. टेबलावर एका वेळी एकच नमुना. तो बंद होऊन कपाटात गेल्याशिवाय दुसरा बाहेर यायचा नाही. मध्येच चहा आला तर चहा निवायचा. नव्याने आलेली पोरं पहिले आठ दिवस या शिस्तीला हसायची आणि नंतर तिच्यासारखंच करू लागायची.

३१ ऑक्टोबरला ती निवृत्त होणार होती. शेवटचं काम म्हणून तिच्या वाट्याला हा दातांचा प्रकल्प आला होता.

प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. मृणालिनी प्रधान. रायगडच्या एका खाडीकाठी, जुन्या बंदराच्या जागी त्यांनी चार वर्षं उत्खनन केलं होतं आणि तिथे अकरा माणसांचे सांगाडे मिळाले होते, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. ही माणसं तिथलीच की बाहेरून आलेली, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर दातांत असतं. माती-दगडांत स्ट्रॉन्शियम नावाचा धातू अगदी थोडा असतो. त्याचे हलके-जड प्रकार असतात, त्यांना समस्थानिक म्हणतात, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण प्रत्येक खडकात वेगळं असतं. मुंबई-रायगडचा काळा पाषाण वयाने तरुण, सहा-साडेसहा कोटी वर्षांचा. तिथे हे प्रमाण कमी. सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागातले खडक त्याच्या कितीतरी पट जुने. तिथे ते जास्त. मातीतून स्ट्रॉन्शियम धान्यात येतं, धान्यातून माणसात, आणि कॅल्शियमच्या सोबतीने दातात जाऊन बसतं. हाड जन्मभर बदलत राहतं, पण दातावरचं कवच एकदा तयार झालं की झालं. पहिल्या दाढेचं कवच तीन वर्षांच्या आत पुरं होतं. म्हणजे साठ वर्षांच्या बाईच्या दाढेतही तिची पहिली तीन वर्षं जशीच्या तशी असतात.

पण सांगाड्यांचं मोजमाप कशाशी ताडून पाहायचं? त्यासाठी आजच्या माणसांचे दात हवे होते, ज्यांचं बालपण कुठे गेलं हे पक्कं माहीत आहे अशांचे. संशोधक विद्यार्थी शंतनुने दात देणाऱ्यांसाठी फॉर्म तयार केला. जन्म कुठला, तिसऱ्या वर्षापर्यंत राहणं कुठे, गावी जाणं-येणं किती. बावीस जणांनी दात दिले. त्यांतले नऊ जण जन्मापासून मुंबईतले. त्या नऊ जणांत सीमा होती, आणि तिचा धाकटा भाऊ सुशांतही होता. त्याची दाढ मार्चमध्ये निघाली. तो सतरा नंबर.

दात धुणं, फोटो काढणं, अर्धा कापून उरलेला अर्धा जपून ठेवणं, लेबलं घालणं, सगळं सीमाने केलं. बावीस आजचे आणि अकरा जुने. शंतनुने यंत्राने कवचाची पूड काढली. कुप्या बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेल्या.

आकडे आले सोमवारी, २१ जुलैला.

"सीमाताई, बसा," प्रधान मॅडम म्हणाल्या. एरवी त्या सीमाला उभ्याउभ्याच काम सांगत. शंतनु आधीच कोपऱ्यात बसला होता आणि खिडकीबाहेर बघत होता.

"काही बिघडलं का मॅडम?"

"मुंबईच्या नऊ जणांत सहा जणांचे आकडे बरोबर आलेत. पॉइंट सातशे सात, सातशे आठ. तिघांचे सातशे चौदा, सातशे पंधरा. म्हणजे सरळ सिंधुदुर्ग. चार नंबर, बारा नंबर आणि चौदा."

"चौदा मी."

"तुम्ही. आणि सतरा नंबर, तुमचा भाऊ, त्याचा सातशे आठ. एकाच घरात वाढलात ना दोघं?"

"एकाच खोलीत. दहा बाय बारा."

मॅडमनी चष्मा काढला. "मग बहीण सिंधुदुर्गची आणि भाऊ मुंबईचा, हे कसं? सीमाताई, मी तुम्हाला वीस वर्षं ओळखते. पण कुठेतरी कुप्या बदलल्या गेल्यात. दुसरं काय असणार?"

मॅडमनी समोरचा कागद तिच्याकडे सरकवला. अहवालाचा कच्चा मसुदा होता. पेन्सिलीने खूण केलेलं एक वाक्य तिने वाचलं. 'आधुनिक नमुन्यांच्या लेबलांमध्ये सरमिसळ झाल्याची शक्यता नाकारता येत नाही.'

"हे जाणार?"

"तीस सप्टेंबरला अहवाल द्यायचाय. दुसरं काही कारण मिळालं नाही तर हे लिहावंच लागेल. आणि खरं सांगू? माझी काळजी वेगळीच आहे. त्या अकरा सांगाड्यांची लेबलंही तुमचीच. आजच्या माणसांच्या कुप्या बदलल्या असं मी लिहिलं, तर तपासणारा पहिला प्रश्न काय विचारेल?"

सीमाला तो प्रश्न कळला. अडतीस वर्षांत तिच्या हातून किती हजार लेबलं गेली असतील, तिने मोजली नव्हती. त्यांतल्या शेवटच्या तेहेतीस लेबलांबद्दल छापील कागदावर असं लिहिलं जाणार होतं, आणि निवृत्तीच्या महिनाभर आधी.

"मॅडम, माझी दाढ मी ओळखते," ती म्हणाली. "चल शंतनु, कपाट उघडू."

चौदा नंबरची कुपी निघाली. उरलेली अर्धी दाढ आत होती. तिच्यात चांदी होती, आणि चांदीच्या कडेला तिरपी काळी चीर. काढतानाचा फोटो शेजारी ठेवला तर चीर चिरेला जुळली. आतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली, तिच्याच अक्षरात.

"ताई, म्हणजे कुपी बरोबर आहे," शंतनु हळूच म्हणाला. "मग पूड काढताना माझ्याकडनं..."

"तुझ्याकडनं नाही. तुझ्यासमोर मी कुपी ठेवायचे, तू पूड काढायचास, मी बंद करायचे. दुसरी कुपी टेबलावर असायची का कधी?"

"नाही. चहासुद्धा नसायचा."

"मग?"

"मग ताई, एकच राहतं. तुम्ही लहानपणी गावी होतात. तुम्हाला आठवत नसेल. तीन वर्षांचं कुणाला आठवतं?"

हे मात्र सीमाला पटण्यासारखं होतं. गिरणगावातल्या कितीतरी बायका पहिल्या बाळंतपणाला कोकणात जात आणि पोर आजीपाशी ठेवून परत येत. फॉर्म भरताना तिने मुंबई लिहिलं होतं ते आपल्याला तेवढंच माहीत आहे म्हणून. आईला विचारलं नव्हतं. तेव्हा लेबल बरोबर असेल आणि फॉर्म चुकला असेल, तर चूक तिचीच होती.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर तिने हातपाय धुतले आणि आईच्या पुढ्यात बसली. जाईबाई ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. दिसायला कमी, ऐकायला चोख.

"आई, मी अगदी लहान असताना गावी होते का गं? दोन-तीन वर्षांची?"

"गावाक? तू?" जाईबाई हसल्या. "माका उसंत होती काय गावाक जावक? अकरा गडी जेवत होते घरात. एका पाळीचे उठले की दुसऱ्या पाळीचे बसत."

"आणि बाळंतपण? माहेरी नाही गेलीस?"

"जावचा होता सातव्या म्हयन्यात. पण आषाढ लागललो, बोटी बंद. यष्टीन घाटातसून जा म्हणत होते, तर तुझो बापूस नको म्हणालो. म्हणान हयच झालंस, परळाक, म्युनसिपाल्टीच्या हास्पिटलात. गाव बघलंस चवथ्या वर्साक, गणपतीक. म्हशीक बघून आराडलंस."

सीमाचा जीव भांड्यात पडला आणि पुन्हा बाहेर आला. फॉर्म बरोबर होता, पण कारण अजूनही मिळालं नव्हतं.

"मग आई, मी खायचे काय?"

"आता ह्या काय इचारतंस? सत्त्व. नाचण्याचा. तुझी आजी पाठवी. गावाक गेललो गडी येताना पिशवी घेवन येय. एक संपली की दुसरी. सकाळी सत्त्व, दोपारी सत्त्व, रडलंस की सत्त्व. गूळ घालायचा नि भरवायचा."

"आणि दूध?"

"दूध खयचा? दुधाच्या कार्डाक तेव्हा वशिलो लागा."

सुशांत तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याच्या लहानपणचं तिला नीट आठवत होतं. पहाटे बाटल्यांचा आवाज करत उतरणारी दूधकेंद्राची गाडी, रांगेत उभी असलेली ती स्वतः, निळ्या बुचाच्या दोन बाटल्या, आणि एकही फुटली तर मिळणारा मार.

"सुशांतला बरं दूध मिळालं?"

जाईबाईंनी पदर सारखा केला. "सुशांत झालो तेव्हा तुझ्या बापाशीन सायबाक धरून कार्ड काढल्यान. आजी पण तुझी आदल्या वर्सा गेलली. नाचणे पाठवतला कोण?"

"आजी गेली म्हणून दूध, की मुलगा झाला म्हणून?"

"दोनय," जाईबाई म्हणाल्या. "खोटा कित्याक सांगू?"

सीमाने चहा ठेवला. राग आला नाही असं नाही, पण साठीच्या उंबरठ्यावर दुधाच्या बाटलीवरून आईशी भांडणं हास्यास्पद होतं, आणि तिच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं हे पॅकेटवरही लिहिलेलं असतं. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमबरोबर जातं, हे शंतनुने तिला दहा वेळा सांगितलं होतं. पोर काळाचौकीत होतं, पण त्याच्या पोटात जात होती आजीच्या गावची, सावंतवाडीकडची माती.

दुसऱ्या दिवशी तिने हे मॅडमना सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सीमाताई, सुचलंय चांगलं. पण आजीच्या नाचणीची आठवण म्हणजे पुरावा नव्हे."

"नाहीच. म्हणून तर मोजा म्हणते. माझ्या दाढेचा उरलेला अर्धा आहे. त्याची पूड परत काढा, मी हात लावणार नाही. लेबल शंतनु घालेल. आणि आजीच्या शेतात अजून नाचणी पिकते. मामेभाऊ करतो. ती मागवते."

"खत घालत असेल तो," शंतनु म्हणाला. "खताने आकडा बिघडतो."

"उतारावरची नाचणी आहे, शेणाशिवाय काही बघितलं नाहीये तिने. तरी विचारते."

मॅडमनी कॅलेंडरकडे पाहिलं. "ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कुप्या गेल्या तर गणपतीनंतर आकडे येतील. करा. पण सीमाताई, आकडे जुळले नाहीत तर ते वाक्य राहणार."

"राहू दे. जुळले नाहीत तर मीच लिहून देईन."

रविवारी सुशांत डोंबिवलीहून आईला भेटायला आला. तो एका कुरियर कंपनीत होता आणि त्याला गप्प बसणं माहीत नव्हतं. सगळी हकिकत ऐकून त्याने मांडीवर थाप मारली.

"म्हणजे ताई, मी प्युअर मुंबईकर आणि तू गाववाली! तरीच तुला अजून लिफ्टची भीती वाटते."

"गप रे. तू माझ्या वाटणीचं दूध प्यायलास, ते बघ आधी."

"मी मागितलं होतं? मी तेव्हा बोलतपण नव्हतो."

"बोलत नव्हतास तेवढेच दिवस घरात शांतता होती."

जाईबाई कॉटवरून म्हणाल्या, "भांडा नको. दातांनी दोघांचो जीव खाल्लो." मग त्यांनीच मामेभावाला फोन लावायला सांगितला. आवाज ओळखताच खतापासून सुरुवात न करता आधी त्याच्या सुनेची चौकशी केली, मग गाईची, आणि शेवटी नाचणीची. खत नव्हतं. गुरुवारी ट्रॅव्हल्सच्या गाडीने नाचणीची अर्धी पिशवी परळ नाक्याला उतरली. सीमाने ती संस्थेत नेली, पण उघडली नाही. लेबल शंतनुने घातलं. त्याने वस्तू आधी ठेवली आणि लेबल मागून घातलं, तेव्हा तिने फक्त खाकरून दाखवलं. शंतनुने निमूटपणे कुपी रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून केलं.

४ ऑगस्टला कुप्या गेल्या. मधल्या दिवसांत सीमा रिकामी बसली नाही. तिने मॅडमची परवानगी घेतली आणि फॉर्मवर हाताने दोन प्रश्न वाढवले. लहानपणी घरात धान्य कुठून येई? दूध कुठलं? मग ती चार नंबर आणि बारा नंबरच्या मागे लागली.

चार नंबर म्हणजे चंपा सावंत, वय त्रेसष्ट. दात दिला तेव्हा ती नायगावच्या बीडीडी चाळीत होती. आता चाळ पाडायला घेतली होती आणि ती भाड्याने शिवडीला गेली होती. पत्ता शोधण्यातच सीमाचे दोन दिवस गेले. चंपाने दार उघडलं, चहा केला, आणि प्रश्न ऐकून म्हणाली, "अगो बाई, नाचणी विचारतेस? आमच्याकडे शिमग्यानंतर पोत्याने यायची, वेंगुर्ल्याहून. भाकरी तीच, आंबील तीच. गव्हाची चपाती मी शाळेत जायला लागल्यावर खाल्ली, ती पण दुसऱ्याच्या डब्यातली." सीमाने ते शब्द न बदलता लिहून घेतले आणि चंपाला वाचून दाखवले.

बारा नंबर म्हणजे अजित, वय सत्तेचाळीस, गिरगावातला, एका विमा कंपनीत कामाला. त्याचं कुटुंब चार पिढ्या गिरगावातच होतं. कोकणात घर नाही, शेत नाही. धान्य वाण्याकडून, दूध केंद्रावरचं. त्याची आई हयात होती. तिनेही तेच सांगितलं. नाचणी? "आजारी पडल्याशिवाय कोण खातं नाचणी!" ती म्हणाली. सीमाने पुन्हापुन्हा विचारलं. मीठ कुठलं, मासे खायचात का, कुणी सांभाळायला बाई होती का, तिने काही भरवलं असेल का. अजित शेवटी हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही पोलीस आहात का?" काहीही हाती लागलं नाही.

गणपती झाले. सोमवारी, ८ सप्टेंबरला आकडे आले. शंतनुने ते मोठ्याने वाचले. सीमाच्या दाढेचा उरलेला अर्धा भाग सातशे चौदा, पहिल्याइतकाच, शेवटच्या दशांश स्थानापर्यंत. आजीच्या शेतातली नाचणी सातशे सोळा.

"दोन आकड्यांचा फरक आहे," सीमा म्हणाली.

"असायलाच हवा, ताई. थोडं आईचं दूध होतं, थोडं इथलं पाणी होतं, भाजी इथली होती. सगळं नाचणीचंच असतं तर मला संशय आला असता." शंतनुचा चेहरा उजळला होता. "ताई, लेबल बरोबर आहे!"

मॅडम खुर्चीतून उठल्या, कपाटापर्यंत गेल्या आणि परत आल्या. माफी मागण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी तो मसुदा काढला आणि सीमासमोर पेन्सिलीच्या खुणेतलं वाक्य लाल शाईने खोडलं. दोनदा रेघ मारली.

"झालं?"

"झालं मॅडम. पण एक विचारू?" सीमा अजून उभीच होती. "त्या अकरांतल्या तिघांचे आकडेही मोठे आलेत. तुम्ही लिहिलंय की ते तिघं दक्षिणेकडून इथे आले."

"हो. अहवालाचा तो मुख्य निष्कर्ष आहे."

"ते आले, की त्यांचं धान्य आलं? बंदरच होतं ते. बोटी लागत असणार."

शंतनुने मॅडमकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. चार वर्षांच्या उत्खननाचा मुख्य निष्कर्ष होता तो. मॅडमनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"त्यांच्या दातांतल्या ऑक्सिजनचे समस्थानिक मोजावे लागतील," त्या शेवटी म्हणाल्या. "ऑक्सिजन पिण्याच्या पाण्याचं सांगतो. धान्य बोटीत घालून आणता येतं, विहीर आणता येत नाही. त्यातून उलगडेलच असं नाही, किनाऱ्यावर पाण्यात फार फरक नसतो. पण तोवर 'आले' असं लिहिता येणार नाही." आणि मग थोड्या वेळाने, काहीशा रागाने, "हे मला सुचायला हवं होतं."

"तुम्ही लहानपणी दादरला होता," सीमा म्हणाली. "तुमच्याकडे पिशवी येत नव्हती ना."

मॅडम हसल्या, मनापासून नसल्या तरी हसल्या.

पुढचे तीन आठवडे अहवाल नव्याने लिहिण्यात गेले. चौदा आणि सतरा नंबरवर एक वेगळं प्रकरणच झालं. एकाच खोलीत वाढलेले बहीण-भाऊ, एक गावच्या धान्यावर आणि दुसरा शहरातल्या दुधावर. नावं दिली नव्हती, फक्त नंबर. चंपाचं म्हणणंही त्यात होतं. राहिला बारा नंबर.

२६ सप्टेंबरच्या दुपारी मॅडमनी सीमाला बोलावलं. "बाराचं काय करायचं? दोन गोष्टींचा इतका छान उलगडा झालाय आणि हा एक मध्येच लटकतोय. वाचणारा म्हणेल, उलगडा अपुरा आहे, नाहीतर लेबलं खरंच बदलली होती. मी बारा नंबर गाळणार आहे. दात लहान होता, पूड कमी मिळाली, असं लिहू. खोटं नाही ते. पूड कमीच होती."

"पूड कमी होती, पण पुरेशी होती," सीमा म्हणाली. "मोजली गेली ना?"

"सीमाताई, हे मी तुमच्यासाठी करतेय. बारा राहिला तर संशय तुमच्यावर राहतो."

हे खरं होतं. बारा नंबर गेला असता तर सगळं स्वच्छ झालं असतं. कुणी कधी विचारलं नसतं. सीमाने कुपी कपाटातून काढून आणली. अर्धा दात, आत पेन्सिलीची चिठ्ठी. तिने ती मॅडमच्या टेबलावर ठेवली. टेबलावरचे बाकीचे कागद तिने आधी बाजूला केले होते.

"मॅडम, हा अजितचाच दात आहे. दात काढला त्या सकाळी दवाखान्यात मी समोर उभी होते. दाताला हे इथे टोक मोडलेलं आहे, फोटोतही आहे. लेबल बरोबर आहे. कारण आपल्याला कळलं नाही, एवढंच. तसंच लिहा. 'बारा नंबरच्या आकड्याचं कारण कळलं नाही.'"

"आणि कुणी म्हटलं की कुपी बदलली असेल?"

"म्हणू दे. त्यांना कुपी दाखवा."

मॅडमनी बराच वेळ कुपी हातात फिरवून पाहिली. मग संगणकाकडे वळून त्यांनी ते वाक्य लिहिलं. सीमाने मागे उभं राहून ते वाचलं, कुपी उचलली, कपाटात जागेवर ठेवली आणि कुलूप लावलं. तिच्या निवृत्तीला पस्तीस दिवस उरले होते आणि तीन कार्टन खापऱ्या अजून धुवायच्या होत्या.